लोणारचं गुलाबी पाणी आणि आठवीचा पहिला पाठ



आठवीच्या विज्ञानातला पहिलाच पाठ सजीवांच्या वर्गीकरणाचा आहे. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. ही पाच नावं मुलं आठ दिवसांत घडाघडा म्हणतात. पण "पाचच का? सहा का नाहीत?" असं विचारलं की वर्ग गप्प! माझ्या मते पाठाचा जीव त्याच प्रश्नात आहे. आणि तो शिकवायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मंठा तालुका संपला, जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाण्यातलं लोणार लागतं.

पण लोणारच्या आधी बिया घ्या. ज्वारी, मका, तूर, मूग, हरभरा, सरकी, भेंडी, मोसंबी, हे सगळं मुलांच्या घरीच असतं. गट पाडा आणि एवढंच सांगा, "वेगवेगळे ढीग करा." कुणी रंगावरून करील, कुणी आकारावरून, कुणी 'खायच्या आणि न खायच्या' असे करील. एकाही गटाला चूक म्हणू नका. मग विचारा, यातलं नातं कोणत्या ढिगातून कळतं? सरकी आणि भेंडीचं बी दिसायला अजिबात सारखं नाही, पण कापसाचं फूल आणि भेंडीचं फूल शेजारी ठेवा, सख्ख्या बहिणी वाटतील. ठिपक्याची बोंडअळी कापसावर पडते तशी भेंडीवरही पडते, हे शेतकऱ्याच्या पोराला आपण सांगायची गरज नाही. सोयीसाठी केलेले ढीग आणि नात्यावरून केलेले ढीग यातला फरक इथे मुलांना हाताने कळतो.

आता लोणार. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि त्यात खारट, अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, हे पाणी एकाएकी गुलाबी झालं. लोकांनी चमत्कार म्हटलं, भीतीही पसरली. वनविभागाने नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले, त्यांना हॅलोआर्किया म्हणतात. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि हे जीव फोफावले. त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनच्याच कुळातलं. नमुना स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच.

मग हे हॅलोआर्किया पाच सृष्टींपैकी कोणत्या सृष्टीत बसवायचे? पुस्तकाप्रमाणे उत्तर येतं मोनेरा, कारण त्यांच्या पेशीत स्पष्ट केंद्रक नाही. रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या तेव्हा ते बरोबरच होतं. पण १९७७ मध्ये अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी सूक्ष्मजीवांची तुलना दिसण्यावरून न करता पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएवरून केली, आणि केंद्रक नसलेल्या जीवांची एकदम दोन वेगळी घराणी निघाली. एक नेहमीचे जीवाणू, दुसरे आर्किया. १९९० मध्ये वूझ आणि सहकाऱ्यांनी सगळ्या सजीवांचे तीन मोठे अधिक्षेत्र मांडले: जीवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेले सगळे. या तिसऱ्यात बुरशी, बाभूळ, बैल, आपण, सगळे आलो.

आरएनएवरून नातं कसं कळतं, हे मुलांना अवघड जातं. मी पोथीचं उदाहरण देते. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवत. उतरवताना एखादं अक्षर चुकलं की पुढच्या प्रतीतही ती चूक जायची. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती असे पाठभेद शिरल्यामुळेच. आता दोन पोथ्यांत तीच ती चूक त्याच ठिकाणी दिसली, तर त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असणार, हे मुलं पटकन सांगतात. रायबोसोमचा आरएनए ही अशीच पोथी आहे, प्रत्येक पेशीत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. फळ्यावर एक ओळ लिहून पाच मुलांना एकमेकांवरून घाईघाईने उतरवायला लावा. खेळ होतो आणि उत्क्रांतीही कळते.

वूझ यांनी तपासलेल्या पहिल्या आर्किया मिथेन वायू बनवणाऱ्या होत्या. म्हणजे गावातल्या गोबरगॅसच्या टाकीत आणि रवंथ करणाऱ्या म्हशीच्या पोटात असतात त्याच मंडळींपैकी. लोणारला सहल न्यायला पैसे नसतील तर गोठा पुरे.

एक गैरसमज मात्र वर्गातच दूर करा. आर्किया या नावात 'प्राचीन' असा अर्थ आहे, म्हणून पुष्कळ जण समजतात की लोणारमध्ये पहिले जीव अजून जिवंत आहेत. तसं नाही. आजचा हॅलोआर्किया आणि आजची म्हैस, दोघांचं घराणं तेवढंच जुनं. लोणारचं विवर तर जास्तीत जास्त काही लाख वर्षांचं आहे. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची, आणि जीवांच्या चांगल्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात.

'जीव पहिल्यांदा कसा झाला' हा प्रश्न मुलं विचारणारच. ओपारिन (१९२४) आणि हाल्डेन (१९२९) यांनी रसायनांतून जीव घडला असावा असं मांडलं. १९५३ मध्ये स्टॅनले मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि अमिनो आम्लं मिळाली. 'मिलरने जीव बनवला' असं कृपया शिकवू नका. त्यांनी विटा बनवल्या, घर नाही, आणि घर कसं उभं राहिलं यावर अजून काम चालू आहे. घरी आजीने वेगळी गोष्ट सांगितली असेल तर मुलाला खोटं पाडण्यापेक्षा "विज्ञान कोणत्या पुराव्यावरून बोलतं ते पाहू" म्हणावं.

पालक परीक्षेची काळजी करतात, तेही रास्त आहे. मुलांना उत्तराची सुरुवात 'व्हिटाकर यांच्या पद्धतीनुसार' अशी करायला शिकवा. गुण कुठे जात नाहीत, आणि ही एक पद्धत आहे हे मुलाला रोज आठवतं.

राहिले विषाणू. कोरोनानंतर प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ते कुठं बसतात?" त्यांना पेशी नाही, रायबोसोमही नाही. वर सांगितलेली पोथीच त्यांच्याकडे नसल्यामुळे या झाडावर त्यांना फांदी मिळत नाही. त्यांना सजीव म्हणावं का, यावर वर्गात दोन गट करून वाद घाला. माझ्याकडे गेल्या वेळी मधली सुट्टी त्यातच गेली.