रंगीत चित्राची जुळवणी

गेल्या दिवाळीत संगमनेरला आजोबांच्या जुन्या रंगीत दूरदर्शन संचावर मामांच्या लग्नाची कॅसेट लावली. दिवंगत आजीचा चेहरा लालभडक दिसत होता. आजोबा एवढेच म्हणाले, "ती अशी नव्हती."

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९८२ रोजी देशभर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते 'पाल' पद्धतीने. कॅसेटही त्याच पद्धतीची. तीत एकाआड एक रेषेत रंगसंकेताचा एक घटक उलटा पाठवतात. त्यामुळे छटेतील चूक आपोआप निवळते. तेव्हा दोष छटेचा नसून रंगाच्या अतिरेकाचा असावा, असे मी ताडले.

जुळवणीला क्रम आहे. प्रथम रंगाचे बटण शून्यावर आणून चित्र कृष्णधवल करावे. काळे केस काळेच राहतील, पण त्यांतील बटा बुजणार नाहीत, एवढा उजळपणा ठेवावा. पांढऱ्या कपड्याच्या चुण्या दिसतील इतपत काँट्रास्ट ठेवावा. मगच रंग हळूहळू वाढवावा. कसोटी मात्र माणसाच्या कातडीच्या वर्णाची.

शेवटचे बटण मी आजोबांकडे पाहत फिरवू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. "बस्स, आता पुढं नको. ही तीच."