घटक ५ : याद्या, ठिपक्यांच्या ओळी आणि मोकळी जागा

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास अक्षरजुळणी प्रणालीत यादीचे प्रकार कसे ठरतात हे सांगता येईल, अनुक्रमणिकेतील ठिपक्यांच्या ओळीमागील तत्त्व स्पष्ट करता येईल आणि मराठी मजकुरातील शब्दांतराच्या खास अडचणी ओळखून त्यांवर उपाय सुचवता येतील.

५.१ प्रस्तावना

छापील पानावर अक्षरे असतात, तशी अक्षरे नसलेली जागाही असते. खिळे जुळवण्याच्या काळात ही जागासुद्धा कंपोझिटरला हाताने बसवावी लागे. दोन शब्दांमधील फट म्हणजे अक्षरांपेक्षा उंचीने कमी असलेला आणि म्हणून शाई न लागणारा धातूचा एक तुकडा असे. दोन ओळींमध्ये धातूच्या पट्ट्या घालत. मोकळी जागा ही तेव्हा वजन असलेली वस्तू होती. संगणकाच्या कळफलकावर लांब कळ दाबली की जागा सुटते, त्यामुळे ती फुकट आहे आणि हवी तेवढी दाबावी, असा समज रूढ झाला. प्रबंधाच्या हस्तप्रती तपासताना या समजाचे परिणाम वारंवार दिसतात. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक वर-खाली सरकलेले असतात, एखाद्या पानाच्या माथ्यावर दोन रिकाम्या ओळी असतात, तर कोठे यादीतील तिसऱ्या मुद्द्याची दुसरी ओळ थेट समासाला जाऊन भिडलेली असते. (हा समास छपाईतील होय, व्याकरणातील नव्हे.)

या घटकात आपण ‘टेक’ या प्रणालीच्या आधाराने विचार करणार आहोत. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये तिचे काम सुरू केले. त्यांच्या ग्रंथमालेतील एका खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली आणि त्यांतील जुळणी पाहून ते असमाधानी झाले, हे त्यामागील निमित्त. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’ ही सुलभ प्रणाली रचली. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी तयार केलेल्या ‘झीटेक’मुळे युनिकोड देवनागरी मजकूर या प्रणालीत थेट टंकित करता येऊ लागला. आज्ञा मात्र रोमन लिपीतच द्याव्या लागतात. येथे त्यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

या प्रणालीचा एक नियम प्रथम ध्यानात घ्यावा. टंकित मजकुरात लागोपाठ दहा मोकळ्या जागा सोडल्या तरी टेक त्यांना एकच मानते. लागोपाठ पाच रिकाम्या ओळी म्हणजेही तिच्या लेखी केवळ परिच्छेदाचा शेवट. जागा हवी असेल तर ती कशासाठी हवी हे सांगावे लागते.

५.२ यादी : क्रम, गट आणि व्याख्या

लाटेकमध्ये यादीचे तीन मूळ प्रकार आहेत. ‘एन्यूमरेट’ मुद्द्यांना क्रमांक देते, ‘आयटमाइझ’ प्रत्येक मुद्द्यापुढे ठिपका ठेवते आणि ‘डिस्क्रिप्शन’मध्ये आधी ठळक शब्द व मग त्याचे स्पष्टीकरण येते. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद सहज पटावा. क्रमांक दिला की एकामागून दुसरे असा संबंध सूचित होतो. ठिपका दिला की सर्व मुद्दे एका पातळीवरचे ठरतात. तिसरा प्रकार तर कोशातील नोंदीचाच आहे. मराठीतील आठ शब्दजातींची यादी ठिपक्यांनी देता येते, परंतु ग्रंथसंपादनाचे टप्पे ठिपक्यांनी दिल्यास त्यांतील पूर्वापरसंबंध हरवतो.

क्रमांक प्रणालीच घालत असल्यामुळे मध्ये एखादा मुद्दा वाढवला की पुढचे क्रमांक आपोआप बदलतात. ‘मुद्दा ४ पाहा’ असा निर्देशही हाताने न लिहिता खुणेने जोडला तर तोही बदलतो. मात्र अशा निर्देशानंतर प्रणाली दोनदा चालवावी लागते : पहिल्या फेरीत ती क्रमांक टिपून ठेवते, दुसऱ्या फेरीत ते योग्य जागी घालते.

यादीच्या आत यादी आली की मराठीत एक पेच उभा राहतो. लाटेक दुसऱ्या पातळीवर रोमन अक्षरे देते. त्यांच्या जागी मराठी अक्षरे घालताना ती कोणत्या क्रमाने घालावीत? आपल्याकडे तीन परिपाठ आहेत. प्रश्नपत्रिकांत ‘अ, ब, क, ड’ दिसते. हा क्रम रोमन वर्णमालेची सावली आहे. काही ग्रंथांत ‘अ, आ, इ, ई’ असतो, तर काहींत ‘क, ख, ग, घ’. म्हणजे ‘क’ हे चिन्ह एका परिपाठात तिसरे, दुसऱ्यात पहिले. एकाच पुस्तकात दोन्ही मिसळले तर ‘विभाग क पाहा’ या निर्देशाला नेमका अर्थ उरत नाही. ‘इ’ आणि ‘ई’ यांचा भेद मराठी उच्चारात फारसा टिकत नसल्याने वर्गात वाचून दाखवताना ‘ऱ्हस्व’, ‘दीर्घ’ अशी पुस्ती जोडावी लागते. ‘क, ख, ग, घ’ हा क्रम मला अधिक निर्दोष वाटतो, परंतु त्यातही ‘घ’नंतर ‘ङ’ येतो आणि क्रमचिन्ह म्हणून तो क्वचितच वापरतात. तो वगळून ‘च’कडे जावे, अशी सूचना आज्ञावलीत लिहून द्यावी लागते. निवड कोणतीही करावी. ती ग्रंथभर एकच असावी आणि आरंभी एकाच ठिकाणी नोंदलेली असावी.

५.३ ठिपक्यांची ओळ

पुढील ओळी पाहा.

मराठी गद्याचा आरंभ ............ ७
निबंध ........................ ३१

शीर्षकाकडून पृष्ठांकाकडे नजरेला नेणे हे या ठिपक्यांचे काम. ते एकेक करून टंकित केले तर अक्षरांचा आकार वा पानाची रुंदी बदलताच ओळ विस्कटते, कारण ठिपके किती हवेत हे उरलेल्या जागेवर अवलंबून असते आणि ती जागा प्रत्येक शीर्षकागणिक वेगळी असते. टेकमध्ये ही ओळ म्हणजे मुळात ताणली जाणारी मोकळी जागाच आहे. ती कोरी न ठेवता ठिपक्यांनी भरायची एवढेच. ‘एचफिल’ ही आज्ञा उरलेली सारी जागा व्यापून पुढचा मजकूर उजव्या कडेला ढकलते. तीच जागा ‘डॉटफिल’ ठिपक्यांनी भरते आणि ‘एचरूलफिल’ सलग रेषेने. प्रवेश-अर्जातील ‘नाव’, ‘पत्ता’ यांपुढील रेषा किंवा ‘रिकाम्या जागा भरा’ या प्रश्नातील ठिपके याच आज्ञांनी काढावेत.

अनुक्रमणिकेत आणखी एक बारकावा असतो. एका ओळीतील ठिपके खालच्या ओळीतील ठिपक्यांच्या बरोबर खाली यावे लागतात. ते तिरपे सरकले तर पानावर नकोशी नक्षी उमटते. टेकची ‘लीडर्स’ ही मूळ आज्ञा ठिपक्यांची मोजणी शीर्षकाच्या शेवटापासून न करता ओळीच्या कडेपासून करते, त्यामुळे ते उभ्या रांगेत राहतात. शब्दप्रक्रिया करणाऱ्या नेहमीच्या प्रणालींतही टॅबथांब्याला ठिपके जोडण्याची सोय असते. ती न वापरता पूर्णविरामाची कळ दाबून धरण्याचे काही कारण नाही.

५.४ शब्दांमधील जागा आणि मराठी

टेकमध्ये दोन शब्दांमधील जागेला तीन मापे असतात : स्वाभाविक रुंदी, ती किती ताणता येईल आणि किती आक्रसता येईल. नुथ यांनी तिला ‘ग्लू’ असे नाव दिले. आपण तिला लवचीक अवकाश म्हणू. त्यांनीच घडवलेल्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ या अक्षरवळणाच्या दहा पॉइंट आकारात ही मापे अनुक्रमे सुमारे ३.३३, १.६७ आणि १.११ पॉइंट आहेत. ओळीच्या दोन्ही कडा जुळवताना ओळीतील सर्व फटी याच प्रमाणात ताणल्या वा आक्रसल्या जातात. ओळ कोठे तोडावी हे टेक एकेका ओळीपुरते न ठरवता संपूर्ण परिच्छेदाचा विचार करून ठरवते.

येथे मराठीचे व्याकरण आडवे येते. हिंदीत नामापुढील परसर्ग सुटा लिहितात. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहितो. ‘घर के सामने’ यात दोन फटी आहेत, ‘घरासमोर’ यात एकही नाही. साहजिकच तेवढ्याच रुंदीच्या ओळीत मराठीला फटी कमी मिळतात आणि प्रत्येक फटीला अधिक ताणावे लागते. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असा शब्द खालच्या ओळीत गेला की वरची ओळ विरळ होते. यावर अक्षराअक्षरांत जागा सोडणे हा उपाय नव्हे, कारण देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते. शब्द योग्य जागी तोडणे किंवा उजवी कड न जुळवता सोडून देणे, हेच मार्ग उरतात. अरुंद स्तंभासाठी दुसरा मार्ग अधिक सोयीचा.

दुसरी अडचण नावांची. वाक्य संपल्यावर थोडी अधिक जागा सोडण्याचा इंग्रजी छपाईतील संकेत टेकने स्वीकारला आहे. वाक्य संपले की नाही, हे ती पूर्णविरामाच्या आधीच्या अक्षरावरून ठरवते : ते मोठ्या लिपीतले असेल तर ते आद्याक्षर समजावे, अन्यथा वाक्याचा शेवट. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेदच नाही. त्यामुळे ‘वि. स. खांडेकर’ किंवा ‘पु. ल. देशपांडे’ असे लिहिले की प्रणालीला प्रत्येक ठिकाणी वाक्य संपल्यासारखे वाटते. वर दिलेल्या मापांनुसार ३.३३ पॉइंटची फट ४.४४ होते आणि तिची ताणण्याची क्षमता तिप्पट होते. म्हणजे ओळ विरळ असेल तेव्हा लेखकाचे नावच सर्वांत अधिक फाटते. ‘डॉ.’, ‘पृ.’, ‘इ. स.’ यांचीही तीच गत. शिवाय ‘वि.’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘स. खांडेकर’ पुढच्या ओळीत, असे विभाजन होऊ शकते.

उपाय दोन आहेत. आरंभी ‘फ्रेंचस्पेसिंग’ ही आज्ञा दिली की सर्व फटी सारख्या मानल्या जातात. नावाच्या आद्याक्षरांमध्ये मोकळ्या जागेऐवजी नागमोडी चिन्ह टंकित केले की तेथे नेहमीएवढीच फट पडते आणि ओळही तुटत नाही. संदर्भसूचीत शेकडो नावे असतात. तेथे हे चिन्ह पहिल्या मसुद्यापासूनच घालावे. अखेरच्या मुद्रितात ते शोधत बसणे फार जिकिरीचे होते.

उभ्या जागेविषयी एवढेच सांगणे पुरे की ‘व्हीस्पेस’ने मागितलेली जागा नेमकी पानाच्या आरंभी आली तर ती नाहीशी होते, आणि बहुधा तेच हवे असते. तेथेही ती टिकवायची असेल, उदाहरणार्थ अर्पणपत्रिकेच्या पानावर, तर त्याच आज्ञेला तारकाचिन्ह जोडावे.

स्वाध्याय
१. आपल्या संग्रहातील एका मराठी ग्रंथाची अनुक्रमणिका पाहून ठिपके उभ्या रांगेत आहेत का, हे नोंदवा.
२. त्याच ग्रंथात यादीसाठी अक्षरांचे किती परिपाठ वापरले आहेत? परस्परनिर्देशात संदिग्धता आढळल्यास उदाहरण द्या.
३. एकाच आशयाचा परिच्छेद मराठीत व हिंदीत लिहून दोहोंतील शब्दांतरे मोजा आणि फरकाची व्याकरणिक कारणे लिहा.