रुक्मिणीनं दुसरा दूत धाडला नाही

तगादा आणि पाठपुरावा हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो आणि धंद्यातली बरीच नाती तिथेच नासतात. तगाद्यात बोलणाऱ्याची गरज असते, पाठपुराव्यात ऐकणाऱ्याच्या कामाचं काहीतरी असतं. कोटेशन दिल्यावर चौथ्या दिवशी ‘भाऊ, काय ठरलं?’, आठव्या दिवशी ‘भाऊ, पाहिलं का?’ आणि दहाव्या दिवशी नुसतं नमस्काराचं चित्र, या तिन्हींतून समोरच्याला एकच गोष्ट कळते, की तुम्ही अडलेले आहात. निर्णय घ्यायला त्याला काय हवंय, त्याचा पत्ताच नसतो. म्हणून किती वेळा विचारावं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दर खेपेला काय घेऊन जातो, यावर सगळं अवलंबून आहे.

कौंडण्यपुरात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. वर्धेच्या काठचं, तिवसा तालुक्यातलं हे गाव रुक्मिणीचं माहेर मानलं जातं. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिनं कृष्णाला धाडलेला निरोप अवघ्या सात श्लोकांचा आहे. त्यात काय हवंय ते आहे आणि लग्न उद्यावर आलंय ही मुदत आहे. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. अंतःपुरातून न्यायचं तर हिच्याच आप्तांवर शस्त्र धरावं लागेल, ही कृष्णाची अडचण तिनं आधीच ओळखली. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून न्या, असा उपायही तिनंच सुचवला. ते देऊळ कौंडण्यपूरचं की अमरावतीच्या अंबादेवीचं, यावर दोन्हीकडचे लोक आपापला दावा सांगतात. आपला धडा त्या वादाबाहेरचा आहे. निरोप घेऊन गेलेला ब्राह्मण परतेना तेव्हा ती कासावीस झाली, आपल्यातच काही उणं दिसलं का म्हणून झुरली, पण दुसरा दूत धाडला नाही. पहिल्या निरोपात सांगायचं काही राहिलंच नव्हतं. शेवटच्या श्लोकातला प्राणत्यागाचा इशारा तेवढा व्यवहारात उचलू नये. ‘आमचं घर तुमच्यावर चालतं’ हे वाक्य त्याच जातीचं आहे.

यावर कोणी म्हणेल, ही पुराणातली गोष्ट झाली. बाजारात रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. खरं आहे. पण तेच लेकरू दिवसभर रडलं तर आई पाजायचं सोडून मीठ-मोहऱ्या ओवाळते. गिऱ्हाईक विसरतं, म्हणून आठवण द्यावीच लागते. मात्र दुसऱ्या खेपेला नवं काही हवं: लोखंडाचा भाव बदलला म्हणून हे कोटेशन अमुक तारखेपर्यंतच राहील, किंवा सगळं काम एकदम जमत नसेल तर आधी अर्धं करता येईल. नवं काही नसेल तर गप्प राहावं. दुसरा आक्षेप असा, की तोवर शेजारचा काम घेऊन जाईल. जाईलही. पण दुसरं कोटेशन मागवणारा माणूस तुमच्या फोनमुळे थांबत नाही; फार तर तो फोन उचलणं थांबवतो.

वऱ्हाडात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. इथला पैसा पिकाच्या पावलानं चालतो. जूनमध्ये कृषी केंद्रवाल्याला बियाण्या-खतापुढे मान वर करायला सवड नसते. सोयाबीन आणि कापसाचे चुकारे दसरा-दिवाळीनंतर हातात खेळू लागतात, आणि मग जिनिंगवाल्याला वेळ नसतो. गिऱ्हाइकाचा हंगाम आपल्या डायरीत लिहिलेला नसेल तर चांगला निरोपही तगादाच ठरतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे तोंडावर नकार देत नाहीत. ‘पाहू ना भाऊ’ याचा अर्थ विचार चालू आहे असाही होतो आणि नको असाही. त्याला शब्दात पकडण्यापेक्षा नकाराची वाट आपणच मोकळी करून द्यावी: ‘यंदा जमत नसेल तर तसं सांगा, पुढच्या हंगामात बोलू.’ नकार कळला तरी तो फायदाच. तेवढे हेलपाटे वाचतात.

थकलेल्या बिलाचं काय, हा आक्षेप सगळ्यात वजनदार. काम मागणं ही विनंती असते, केलेल्या कामाचे पैसे हा हक्क असतो. हक्कासाठी दारात धरणं धरून बसण्याची रीत आपल्याकडे जुनी. इतकी रुजलेली, की दैवी कोपाची भीती घालून धरणं धरण्याचं उदाहरण 1860 च्या दंडसंहितेत गुन्हा म्हणून आलं. आज त्याहून सरळ वाट आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, 2006 च्या कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून, या मुदतीबाहेर थकवलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत गिऱ्हाइकाला प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला ‘एकतीस तारखेच्या आत दिलं तर तुमची वजावट याच वर्षी बसेल’ असं कळवणं हा हक्काच्या पैशाचा पाठपुरावाच, पण त्यात गिऱ्हाइकाचंही हित आहे. मुदतीची तारीख पहिल्याच बिलावर छापलेली असावी, म्हणजे पुढे आठवण कागद देतो, माणसाला तोंड वाईट करावं लागत नाही.

एवढं करूनही उत्तर आलं नाही तर कामाच्या चौकशीपुरता एक शेवटचा निरोप धाडावा: ‘हे कोटेशन मी आता बाजूला ठेवतो, लागलं तर नव्या भावानं देईन.’ त्यात रुसवा नको, टोमणा नको. आणि एकदा बाजूला ठेवतो म्हटलं की खरोखर ठेवावं. पंधरा दिवसांनी पुन्हा ‘भाऊ, काय ठरलं?’ विचारलं, तर आधीचे सगळे निरोपही तगाद्यातच जमा होतात.