राष्ट्र म्हणजे नकाशा नव्हे



मुरुडच्या एखाद्या नव्वदीतल्या आजोबांचा विचार करा. लहानपणी ते निजामाची प्रजा होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा निराळा झाला. आजोबांनी गाव सोडले नाही, पण त्यांच्याभोवतीच्या सीमा चार वेळा बदलल्या. या चार बदलांत गाव आणि वस्ती यांतले अंतर किती कमी झाले? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.

मग राष्ट्र कशाने होते? महात्मा फुल्यांनी राष्ट्राला ‘एकमय लोक’ असा शब्द वापरला. त्यांचा सवाल असा होता की, शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी हे सर्व विद्या मिळवून विचार करण्यास लायक झाल्याशिवाय लोक एकमय कसे होतील?

१९८३ साली बेनेडिक्ट अँडरसन या विद्वानाने सांगितले की, राष्ट्र माणसांच्या मनात घडते. कारण राष्ट्रातील बहुतेक माणसे एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तरी एकमेकांना आपली मानतात. मनात घडलेले म्हणजे खोटे नव्हे. परंतु आपण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: ज्याच्या मनात दूरच्या सीमेवरचा सैनिक आपला आहे, त्याच्या मनात शेजारच्या वस्तीतला माणूस आपला आहे काय?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच दुखण्यावर बोट ठेवले. जाती माणसामाणसांत फूट आणि द्वेष निर्माण करतात, म्हणून त्या राष्ट्रविरोधी आहेत, असे त्यांनी बजावले. बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, हाही इशारा दिला.

मराठवाड्याने याचा दाखला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि नांदेड, परभणीकडच्या वस्त्या पेटल्या. जाळणारे आणि जळणारे एकच मराठी बोलत होते, एकाच झेंड्याला वंदन करीत होते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला.

म्हणून कोणी आपल्या देशप्रेमाची परीक्षा घेऊ लागला तर गोंधळू नका. जो जात मोडतो तो राष्ट्र घडवतो. मात्र हे माप आपल्यालाही लावले पाहिजे. धम्म स्वीकारल्यावरही सोयरीक जुळवताना आपण पूर्वीची जात आणि पोटजात विचारतो काय? मातंग, चर्मकार शेजाऱ्यांशी रोटीबेटी व्यवहार करतो काय? तसे नसेल तर आपल्या घरातही राष्ट्र अजून व्हायचे आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर कुटुंबाने एकत्र बसून यावर चर्चा करावी:

१) आपण ‘आपली माणसे’ म्हणतो, तेव्हा त्यात कोण येतात? कोण राहून जातात?

२) त्यातल्या एकाच्या घरी या महिन्यात आपण जेवायला जाऊ शकतो काय? त्यांना आपल्या घरी बोलावू शकतो काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊ नका, करून दाखवा.