रूट कॅनल : हाताची फाईल, मशीनची फाईल आणि आपली दाढ

वस्तीत आरोग्याच्या बैठकीला गेलं की बीपी-शुगरच्या प्रश्नांसोबत आता एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "ताई, दाढेचं रूट कॅनल करायला सांगितलं. हातानं केलं तर कमी पैसे, मशीननं केलं तर जास्त. काय करू?" विचारणारी बाई सोयाबीनच्या वावरात मजुरीला जाते. दोन्हींमधला फरक म्हणजे तिची कितीतरी दिवसांची मजुरी. त्यामुळे बऱ्याच जणी तिसराच रस्ता धरतात आणि दाढ उपटून येतात. म्हणून या वेळी या दोन हत्यारांची नीट ओळख करून घेऊ.

आधी दाढ समजून घ्या. बाहेरून ती दगडासारखी दिसते, पण आतून पोकळ आहे. वर इनॅमलचं कवच, त्याखाली डेंटीन, आणि मधोमध एक छोटी खोली. या खोलीत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ गर असतो. आपण त्यालाच सरसकट 'नस' म्हणतो. खोलीतून बारीक नळ्या मुळांच्या टोकापर्यंत उतरतात. खालच्या दाढेला सहसा दोन मुळं आणि तीन नळ्या, वरच्या दाढेला तीन मुळं आणि बरेचदा चार नळ्या. दाढेची सगळी लांबी वीस-बावीस मिलिमीटर, आणि टोकाजवळ नळी एवढी अरुंद की शिवणाची सुईसुद्धा तिथं जाड पडावी. त्यात ती सरळ नसते, बोरीच्या काट्यासारखी वाकलेली असते.

कीड या खोलीपर्यंत पोचली की गर सुजतो. चारही बाजूंनी टणक भिंत, सुजायला जागा नाही, म्हणून रात्रभर ठणका लागतो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं, गर मेलेला असतो. मग त्यात जिवाणू वाढतात, मुळाच्या टोकाशी पू होतो, गाल सुजतो. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळीचं औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या गरात रक्तच जात नाही. सूज ओसरते, घाण तिथंच राहते. आठवडी बाजारात धुरी देऊन दाढेतले किडे 'काढून' दाखवणारे अजून भेटतात. दाढेत किडा नसतोच. जे असतात ते जिवाणू, डोळ्यांना न दिसणारे. आणि ठणक्यावर उपाय म्हणून दाढेत तंबाखू धरायची सवय लागली की दाढ जाते, तंबाखू मात्र राहते.

रूट कॅनलमध्ये डॉक्टर काय करतात? दाढेला वरून भोक पाडून मेलेला गर काढतात, नळ्या थोड्या रुंद आणि निमुळत्या करतात, औषधी पाण्यानं धुतात, आणि शेवटी गट्टा पर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा पदार्थ भरून नळी बंद करतात. नळी रुंद करायची सुई म्हणजे फाईल. सुतार कानस वापरतो तशीच, फक्त केसाएवढी बारीक.

या हत्यारांचा इतिहास गमतीचा आहे. १८३८ च्या सुमारास एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं घड्याळाची स्प्रिंग घासून नळीत घालायची पहिली सुई केली. पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक कंपनी आपल्या मनानं मापं ठरवायची. आता जगभर एकच माप आणि एकच रंग चालतो. १५ नंबरची फाईल पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे लाल फाईलचं टोक पाव मिलिमीटर जाड. डॉक्टरच्या ट्रेमध्ये रंगीत मुठीच्या सुया ओळीनं दिसतात त्या याच. त्यांच्यावर सरकणारा छोटा रबराचा तुकडा असतो, तो किती आत जायचं त्याची खूण.

हाताची फाईल स्टीलची असते. डॉक्टर ती दोन बोटांत धरून थोडी फिरवतात, ओढतात, पुन्हा घालतात. पांढरी, मग पिवळी, मग लाल, असं चढत जातात. तिचा मोठा गुण म्हणजे बोटाला कळतं. नळी कुठं वळली, कुठं अडली, ते हात सांगतो. ती स्वस्त आहे. आणि थकली की बहुतेक वेळा तिचे पीळ उलगडलेले दिसतात, म्हणजे तुटण्याआधी ती खूण देते. दोष असा की स्टील ताठ असतं. बारीक नंबर वाकतात, पण लाल-निळ्याच्या पुढं फाईल वाकलेल्या नळीत सरळ व्हायला बघते. मग ती आपली वाट सोडून भिंतीत पायरी पाडते, कधी टोकाजवळ नळी एका बाजूला खरवडून टाकते, क्वचित मुळाला भोकही पडतं. वेळ जास्त लागतो, तोंड उघडं ठेवून जबडा दुखतो, डॉक्टरचीही बोटं दुखतात.

मशीनची फाईल निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणाची. हा धातू वाकवला तरी पुन्हा मूळ आकारावर येतो. दात सरळ करायच्या तारेसाठी तो आधीच वापरात होता. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी त्याच तारेपासून फाईल करून पाहिली. ती स्टीलपेक्षा दोन-तीन पट लवचिक निघाली, आणि तिथून मशीनच्या फाईलींचा रस्ता उघडला. ही फाईल छोट्या मोटरवर बसते आणि मिनिटाला साधारण तीनशे फेरे घेते. 'मशीन' ऐकून घाबरू नका, कीड खरवडायचं जे यंत्र किर्र आवाज करतं ते मिनिटाला लाखो फेरे घेतं, त्यापुढं हे फार सावकाश आहे. तिचा उतारही जास्त असतो, दुप्पट-तिप्पट, त्यामुळे दहा फाईलींचं काम तीन-चारांत होतं. वाकड्या नळीत ती मधोमध राहते. हा फायदा खरा आहे, जाहिरातीतला नाही.

पण ती महाग आहे आणि न सांगता तुटते. तार वारंवार वाकवली की जशी अचानक तुटते, तसंच. वरून ठणठणीत दिसणारी फाईल पुढच्याच दाढेत तुकडा सोडू शकते. म्हणून किती दाढांनंतर फेकायची याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि जोर वाढला की थांबणारी मोटर लागते. यातच आणखी एक प्रकार आला आहे, पुढं थोडी आणि मागं थोडी अशी डुलत चालणारी फाईल. बहुतेक काम एकाच फाईलनं होतं आणि ती एकाच रुग्णासाठी असते. काही कंपन्यांनी तर तिच्या मुठीवर अशी कडी ठेवली आहे की वाफेत टाकली की ती फुगते आणि फाईल पुन्हा मोटरवर बसतच नाही. पैसे वाचवायच्या नादात पुन्हा वापर होऊ नये म्हणून केलेली ही युक्ती मला फार आवडते.

मग कोणती घ्यावी? माझं मत सांगते. मशीनवाला डॉक्टरसुद्धा पहिली सुई हातानंच घालतो. सगळ्यात बारीक स्टीलची फाईल टोकापर्यंत मोकळी गेल्याशिवाय मशीन लावायचं नसतं. म्हणजे हात आणि मशीन ही दोन वेगळी घराणी नाहीत. पुढच्या दाताची नळी एक आणि बहुधा सरळ असते, तिथं हाताच्या फाईलनं उत्तम काम होतं, जास्त पैसे मोजायचं कारण नाही. मागच्या दाढेची वाकडी नळी असेल तर मशीन बरी. पण नवख्या हातातल्या मशीनपेक्षा जुन्या हातातली स्टीलची फाईल मी कधीही पसंत करीन.

दुसरी गोष्ट कोणी रुग्णाला सांगत नाही. कोणतीही फाईल नळीची सगळी भिंत घासू शकत नाही. नळी गोल नसते, चपटी असते, फाटे असतात. दाढांचे बारीक स्कॅन काढून पाहिलं तेव्हा साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त भिंतीला फाईल लागलेलीच नव्हती. ती जागा साफ होते धुण्यानं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यानं. फाईलचं खरं काम हे पाणी खोल जाईल एवढी वाट करून देणं. म्हणून दर कितीचा हे विचारताना तीन प्रश्न अजून विचारा. नळीची लांबी एक्स-रेनं किंवा मोजायच्या यंत्रानं मोजणार ना? दाताभोवती रबराचा पडदा लावणार ना, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि सुई घशात पडत नाही? आणि कॅपचे पैसे यात धरले आहेत का वेगळे? कॅपविना राहिलेली दाढ वर्ष-दोन वर्षांत फुटली की सगळा खर्च पाण्यात जातो.

आता माझ्या कामाची गोष्ट, निर्जंतुकीकरण. फाईलच्या पिळांत मागच्या रुग्णाचं रक्त आणि गर अडकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस जगतो. स्पिरिटमध्ये बुडवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून फाईल निर्जंतुक होत नाही. आधी घासून धुवायची, पाकिटात बंद करायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ किंवा १३४ अंशांवर ठेवायची. पाकिटावरची खूण तापल्यावर रंग बदलते. "डॉक्टरसाहेब, पाकीट माझ्यासमोर फोडा," एवढं म्हणायला लाजू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही. दंतवैद्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. भिंतीवरचं नोंदणीपत्र वाचायचा तुम्हाला हक्क आहे.

फाईल तुटली तर? चांगल्या हातांतही कधीतरी तुटते. तुकडा प्रत्येक वेळी काढावा लागत नाही. नळी आधी साफ झाली असेल तर तो आतच ठेवून भरतात आणि लक्ष ठेवतात. पण तुम्हाला सांगितलं पाहिजे, कागदावर लिहिलं पाहिजे आणि एक्स-रे तुम्हाला दिला पाहिजे.

कुठं जायचं? आधी जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंत विभागात तपासून घ्या. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण दातांचं महाविद्यालय वेगळं असतं. आपल्याला सोयीची शासकीय दंत महाविद्यालयं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. अमरावतीला आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेला खासगी आहेत. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, पण खेपा जास्त पडतात. बायांना मार्च २०२३ पासून एसटीचं अर्धं तिकीट आहे, हिशेब करताना ते धरा.

खेपांवरच आपलं घोडं अडतं. पहिल्या खेपेला नळी उघडली, ठणका थांबला, वर कच्ची फिलिंग बसली. मग सोयाबीन सोंगणीला येतं किंवा घर पुण्याला कामावर जातं, आणि दाढ तशीच राहते. कच्ची फिलिंग काही आठवड्यांचीच असते. ती झिरपली की नळी पुन्हा घाण होते, आणि या वेळी फाईल हाताची होती की मशीनची, याला काही अर्थ उरत नाही. सुरू करण्याआधीच डॉक्टरला सांगा की अमुक तारखेला आम्ही बाहेरगावी जाणार. कधी कधी एकाच बैठकीत पूर्ण करता येतं. नाहीच जमलं तर एक्स-रे आणि कागद सोबत न्या, म्हणजे तिथला डॉक्टर पुढचं काम करील.

दाढ मुळापर्यंत पोखरली असेल, हिरडीखाली फुटली असेल, तर काढणंच बरोबर. त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण एक दाढ मात्र सांभाळा. मुलाला सहाव्या वर्षी सगळ्यात मागं जी दाढ येते ती दुधाची नाही, कायमची आहे. "पडेल न् दुसरी येईल" म्हणून सोडलेल्या बहुतेक दाढा याच असतात.

शुगर असेल तर आधी सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना किंवा थुंकी गिळता येईना, असं झालं तर फाईलचा विचार बाजूला ठेवून त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा, सूज श्वासनलिकेपर्यंत उतरू शकते. काम झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखतं, ते चालतं. दुखणं वाढत गेलं किंवा गाल सुजला तर पुन्हा दाखवा. आणि कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं फुटाणे, मक्याची कणसं नि सुपारी चावू नका.