सही करण्याआधी

कौटुंबिक न्यायालयात वकील लागत नाही, असं लखनऊच्या अलीगंजमध्ये मला ज्याने-त्याने सांगितलं. कायद्याने ते खरंच आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 13 वकील हा पक्षकाराचा हक्क मानत नाही. न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच तो उभा राहतो. ती परवानगी समोरच्या बाजूने, म्हणजे नवऱ्याने, आधीच घेतलेली होती. मी एकटी.

बोलायची भीती नव्हती. इतकी वर्षं लखनऊत काढल्यावर हिंदीचीही नाही. पण तिथे तोंडापेक्षा कागद चालतो. नवऱ्याने सांगून टाकलं, दुकान भावाचं, मी पगारावर. मालक कोण ते लखनऊतल्याच कपूरथल्याच्या अर्ध्या बाजाराला ठाऊक, पण बाजार काही साक्षीला येत नाही. अशा वेळी रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2020 चा निकाल दाखवा. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे मामा-काका समजूत घालताहेत म्हणून अर्ज लांबवलात, तर ते महिने तुमचेच बुडाले.

लग्नाचा दाखला महाराष्ट्रातला असेल तर हिंदी भाषांतर जोडा. पेशकाराने, म्हणजे न्यायालयातल्या कारकुनाने, मराठी वाचावं ही अपेक्षा फुकट.

साक्ष देताना मी बरंच बोलले. उतरलं थोडं, कारण कलम 15 प्रमाणे फक्त सारांश नोंदवायचा असतो. त्याखाली तुमची सही असते. मागे रांग खोळंबली तरी वाचूनच सही करा. कुणी उसासे टाकले तर टाकू द्या.

खरा धोका मात्र समेटाच्या टेबलावर. तिथे सगळे गोड बोलतात, चहाही येतो. माझ्यापुढे टाइप केलेला मसुदा आला आणि त्यात मध्येच एक ओळ: यापुढे कसलीही पोटगी मागणार नाही. तोंडी बोलण्यात हा विषयच निघाला नव्हता. तडजोडीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, कलम 19 तसं स्पष्ट सांगतं. मी कागद घरी नेण्यासाठी मागून घेतला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी वाट कळते. पुरुषांना उत्पन्नाची वगैरे अट आहे. वकीलबाईंनी ती ओळ खोडली, मुलाच्या शिक्षणाचा खर्च घातला आणि पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात यायचे तेही लिहायला लावलं.

स्वतः लढायचं तर लढा. उलटतपासणी आणि तडजोडीचा मसुदा, एवढं तरी जाणत्या माणसाकडून बघून घ्या. तडजोड न होता घटस्फोटाचा निकाल लागला, तर अपिलाला तीसच दिवस आहेत असं धरून चाला आणि नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.