थंड जमिनीची ऊब

पौषातल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखातल्या दुपारी तेच पाणी गार लागते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. विहिरीत कोणी चूल पेटवीत नाही की बर्फ टाकीत नाही. पाण्याचे तापमान जवळजवळ तेच राहते. बदलते ते बाहेरच्या हवेचे. माती व खडक हे उष्णतेचे दुर्वाहक आहेत. त्यामुळे ऋतूंचा फेरफार फार खोल पोहोचत नाही. १० ते १५ मीटर खोलीवर वर्षभर जवळजवळ एकच तापमान असते.

आता थंड प्रदेशातले, स्वीडनचे उदाहरण घेऊ. स्टॉकहोमच्या परिसरात जमिनीखाली सुमारे ८ अंश सेल्सिअस तापमान असते. तरीही त्या देशातील लाखो घरे हिवाळ्यात जमिनीतूनच उष्णता घेऊन २० अंशांवर ठेवली जातात. त्यासाठी वज्रेश्वरीसारखे गरम पाण्याचे झरे लागत नाहीत. पण उष्णता आपोआप जाते ती उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे. मग ८ अंशांची जमीन २० अंशांच्या घराला ऊब देते तरी कशी?

उष्णतेचा पंप

पाणी आपोआप खालीच वाहते. पण पंप लावला तर ते वरच्या टाकीत चढते. उष्णतेचेही तसेच आहे. चालू फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात नेऊन पाहा. तेथे ऊब जाणवेल. आतल्या वस्तूंमधली उष्णता यंत्राने बाहेर आणून टाकलेली असते. उष्णता-पंप हेच काम करतो. फक्त येथे उष्णता काढली जाते जमिनीतून आणि टाकली जाते घरात.

घराजवळ बहुधा १०० ते २०० मीटर खोल विंधनविहीर घेतात. तिच्यात प्लास्टिकची लांब नळी सोडून तीतून पाणी व अल्कोहोल यांचे सहजी न गोठणारे मिश्रण फिरवतात. ते खडकातली उष्णता घेऊन वर येते. पुढे चार क्रिया घडतात.

१. बाष्पीभवन : ही उष्णता प्रोपेनसारख्या पदार्थाला मिळते. साध्या हवेच्या दाबाला द्रव प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्यामुळे जमिनीची ऊबही त्याची वाफ करायला पुरते.

२. संपीडन : विजेवर चालणारा कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो. दाबल्याने तिचे तापमान बरेच वाढते.

३. संघनन : तापलेली वाफ घरात खेळवायच्या पाण्याला उष्णता देते आणि पुन्हा द्रव बनते.

४. प्रसरण : हा द्रव बारीक झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो थंड होतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हिशेब जुळतो का?

चांगल्या यंत्राला १ युनिट वीज दिली, तर ते जमिनीतून सुमारे ३ युनिट उष्णता उचलते आणि घराला ४ युनिट देते. विजेच्या शेगडीतून १ युनिटच मिळाले असते. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला का? नाही. १ आणि ३ मिळून ४. शेगडी उष्णता निर्माण करते, पंप ती नुसती हलवतो.

मात्र तापमानाची चढण जितकी मोठी, तितकी वीज जास्त लागते. म्हणून घरात ६० अंशांचे पाणी फिरवण्यापेक्षा फरशीखालच्या नळ्यांतून ३५ अंशांचे पाणी फिरवणे फायद्याचे ठरते. शिवाय, झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला तर विहीर आटते, तसेच उष्णतेचा बेसुमार उपसा केला तर जमीन वर्षानुवर्षे थंड होत जाते. म्हणूनच अशा विहिरी पुरेशा खोल आणि एकमेकींपासून दूर घ्याव्या लागतात.

यंत्राने उष्णता उचलून इमारत ऊबदार करण्याची कल्पना विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरगृहात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, तेव्हा परदेशी तेल जाळून घरे तापवणाऱ्या स्वीडनने इकडे नेटाने लक्ष वळवले. तेल जाळले की संपते आणि धूर मागे राहतो. जमिनीतली ऊब मात्र जपून वापरली तर पुन्हा भरून येते.

करून पाहा

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या आठ-दहा वेळा जोरात दाबा. पंपाचा खालचा भाग चाचपा. नंतर हाताच्या पाठीवर थोडे स्पिरिट लावून फुंकर मारा. पहिल्या प्रयोगात वरील चारपैकी कोणती क्रिया दिसली? आणि दुसऱ्यात कोणती?